नर्मदा ऊर्फ डॉली हिचे राहिलेले रुखवत

लिहून ठेवणार: मधुवंती आबासाहेब मोहिते, वय एकाहत्तर, काम पूर्वी नकाशे काढणे व आता भरतकाम, राहणार लोकमान्य नगर, इंदूर.

हे मृत्युपत्र मी सकाळचा चहा झाल्यावर, पूर्ण शुद्धीत आणि आपल्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न माझा भाचा अर्पित याने केला होता, पण त्याचे मी लहानपणापासून कधी ऐकले नाही. तब्येत ठणठणीत आहे. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. उजव्याचे झाले, आणि तेव्हापासून मला रेशमात इतके निळे दिसू लागले आहेत की जुने काम उसवून पुन्हा करावेसे वाटते. तेव्हा मरण्याचा तूर्त विचार नाही. तरीही हे लिहिण्याची वेळ का आली ते पुढे येईलच.

कलम १. राहता फ्लॅट आणि बँकेत असेल ती शिल्लक अर्पितला द्यावी. तो माझ्या थोरल्या भावाचा, दौलतरावांचा मुलगा आहे, एकुलता आहे, आणि मनाने चांगला आहे. त्याला वाईट सवय एकच, कोणतीही वस्तू आवडली की तो ती काचेत बंद करतो. बाल्कनीतल्या कढीपत्त्याला मात्र त्याने हात लावू नये. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या बायकांचा त्यावर हक्क आहे आणि तो मी तोंडी दिलेला आहे.

कलम २. मिळकतीचे वर्णन. माझ्याकडे एक लहान घर आहे. खऱ्या घरातल्या एका फुटाला इथे एक इंच, या हिशेबाने ते दौलतरावांनी खोक्याच्या लाकडातून करून दिले. दिवाणखाना, माजघर आणि झोपायची खोली. लाकूड त्यांचे, पण आतले सगळे कापडकाम माझे आहे. गालिचे, बैठकीची बिछायत, लोड, तक्के, गादी, रजई, दारावरचे तोरण, देवापुढचे आसन. सगळे रेशमी जाळीवर भरलेले.

ज्यांना ही जाळी ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. पूर्वी मैद्याच्या गिरणीत चाळण्यांना रेशमाची बारीक जाळी लावत. दौलतराव सांवेर रोडवरच्या गिरणीत नोकरीला होते, आणि फाटलेल्या चाळणीचा एक तुकडा त्यांनी मला रुमालासारखा घडी करून आणून दिला. त्याला महिनाभर मैद्याचा वास होता. मी त्या वेळी तिथूनच जवळ एका कारखान्यात नकाशे ट्रेस करायची, त्यामुळे बारीक चौकटींचे भय नव्हते. इंचात चाळीस घरे, घराला एक तिरका टाका, सुईत रेशमाचा एकच पदर. आता जाळी पार्सलने येते, पण पहिला गालिचा गिरणीच्या चाळणीवरचाच आहे. शिंक येणाऱ्या माणसाने त्याच्यापासून लांब बसावे.

कलम ३. भिंग लावलेला दिवा, चौकटी, बोथट टोकाच्या सुया आणि रेशमाचा सगळा साठा वरच्या मजल्यावरच्या पंचशीलाला द्यावा. ती बँकेत आहे, आजोबा महूला फौजेत होते, आणि ती दर शनिवारी माझ्याकडे शिकायला येते. पहिल्या दिवशी तिने मला विचारले, "मावशी, एखादा टाका गलत गेला तर काय होतं? इतका बारीक, किसको दिखेगा?" मी म्हटले, मला दिसेल. ती हसली. मागच्या शनिवारी तिने आपणहून अर्धी वेल उसवली, कारण एक पान उलटे वळले होते, आणि वर मलाच म्हणाली, "तुमची ही बीमारी मला पण लागली." साठा योग्य हातात चालला आहे. तिला एवढेच सांगणे आहे की गडद धागा जाळीच्या पाठीमागून लांब ओढून नेऊ नये, पुढून सावली दिसते.

कलम ४. इथल्या लालबागच्या मेळ्यातल्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून आलेल्या एका गृहस्थांनी माझ्या दिवाणखान्यातल्या मोठ्या गालिच्यावर आपला चहाचा कप ठेवला. त्यांना वाटले, कप ठेवायलाच तो मांडला आहे. मी काही बोलण्याच्या आत त्यांनी कप उचलला, खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, प्रिंट बहोत साफ आया है." मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. तो गोल डाग मी धुतलेला नाही. त्यावर छोटे मेज ठेवले आहे, आणि ते तिथून कोणी हलवू नये. त्या गृहस्थांना मी काही ठेवत नाही. त्यांचे नावही लिहीत नाही, हीच त्यांना देणगी.

कलम ५. आता मुख्य विषय.

सन १९६२ च्या आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी मुलगी नर्मदा हिचा विवाह सौ. भानुमती नानासाहेब लांभाते हिच्या मुलाशी झाला. वधू चिंध्यांची, वर लाकडी, आणि आम्ही दोघी विहिणी तिसरीत होतो. मंगलाष्टके दौलतरावांनी म्हटली आणि अक्षता म्हणून आम्ही ज्वारी टाकली. बाहुल्यांचे लग्न असले तरी सगळे रीतसर झाले, ही गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य आहे. मान्य नाही ते पुढचे.

मी रुखवत मांडले होते. काड्यापेटीचे कपाट, शेंगांच्या टरफलांची भांडी, चांदीच्या कागदात गुंडाळलेले लाडू. भानू कमरेवर हात ठेवून ते बघत फिरली. मग म्हणाली, "बिछायत कुठेय? आमचा मुलगा काय जमिनीवर बसणार का?" तिचे पणजोबा दरबारात मानकरी होते, आमचे शिलेदार. तो फरक ती कधी विसरली नाही. मी सांगितले की बिछायत मागून पाठवते. ती म्हणाली, "मग येऊ दे आधी. तोपर्यंत पोरीला माहेरी पाठवणार नाही." मीही म्हटले, पोरीला दिवाळसणाला पाठवल्याशिवाय रुखवत निघणार नाही.

त्याला त्रेसष्ट वर्षे झाली. दोघींपैकी कोणीही मागे हटलेले नाही.

मध्यंतरी भानूचे खरे लग्न झाले, ती देपालपूरला गेली, आणि माझ्या मुलीलाही ट्रंकेत घालून घेऊन गेली. सासरी तिचे नाव बदलून डॉली ठेवले आहे. मला ते मान्य नाही. या दस्तऐवजात ती नर्मदाच राहील. मी लग्न केले नाही, कारण मला कोणी पसंत पडले नाही आणि नंतर वेळ मिळाला नाही. पण रुखवत थांबवले नाही. आधी बिछायत, मग तिला शोभेल असा गालिचा, मग गालिच्याला शोभेल असे लोड, असे ते वाढत गेले. लोकांना वाटते मी बाहुलीघराची हौस करते. मी मुलीचे रुखवत पुरे करते आहे.

भानू मला रोज फोन करते. भाव, भाज्या, गुडघे, नानासाहेब भावजींचा खोकला, सगळे बोलून होते. एरवी मी मधू असते. रुखवताचा विषय निघाला की मात्र तिचा आवाज बदलतो आणि मी विहीणबाई होते. मी कितीदा नवरीची उंची विचारली. "विहीणबाई, सासरची मापं बाहेर देत नाहीत आमच्यात." मला एवढेच आठवत होते की नर्मदा एक वीत होती. पण माझी आठव्या वर्षीची वीत. तेव्हाच्या शाळेच्या फोटोतला हात आणि पाटी यांच्यावरून मी ती सहा इंच धरली आणि सगळे काम त्यावर बेतले. भानूला कळले तेव्हा ती म्हणाली, "आमची डॉली इतकी बुटकी नाहीये. पाय बाहेर येतील गादीच्या, बघून घ्या." तेव्हापासून मला मधूनमधून गादीच्या बाहेर आलेले पाय दिसतात.

कलम ६. गेल्या महिन्यात अर्पितने घराची मापे घेतली. मी विचारले कशाला, तर म्हणाला, "आत्या, ये तो म्युझियम पीस आहे. मी पूर्ण काचेत सील करून देतो. सगळं खाली चिकटवून टाकू, धूळ पण नाही बसणार." त्याने ते प्रेमाने म्हटले. पण त्या रात्री मला जेवण गेले नाही. गादी कोणी तरी त्यावर झोपावे म्हणून केलेली असते. लोड टेकण्यासाठी असतो. माझ्यामागे हे सगळे चिकटवून ठेवले गेले तर माझी मुलगी देपालपुरात ट्रंकेत राहील, तिची बिछायत इंदुरात काचेत राहील, आणि दोघी म्हाताऱ्यांचा हट्ट तेवढा जिंकेल. हे मला नको आहे.

म्हणून लिहिते. घरासकट संपूर्ण रुखवत मी भानुमतीला देत आहे. अट कोणतीही घालत नाही. नर्मदेला आधी माहेरी पाठवावे असे मी म्हणत नाही. ते म्हणणे मी आज सोडले. माझा भानूवर जीव आहे, आणि हे मी तिला फोनवर कधी सांगू शकले नाही, कारण ती मध्येच भाजीचा भाव विचारते.

मात्र ती हे घेईल याची मला खात्री नाही. उपकार घेणे तिच्या रक्तात नाही. वकील धनेश यांनी मला सांगितले की ज्याला मृत्युपत्राने काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी, पुढे शंका निघतात. हे ऐकले आणि मला मार्ग सापडला. दुसरी साक्षीदार म्हणून मी भानूलाच बोलावले आहे. ती वाचेल. तिने सही केली तर ती फक्त साक्षीदार, आणि सगळे अर्पितकडे जावे, काचेसकट. सही केली नाही तर रुखवत तिचे. तिला तोंडाने हो म्हणावे लागणार नाही.

कलम ७. माझ्या तेराव्याला तेच ते पांढरे जेवण करू नये. पोहे आणि जिलबी द्यावी, शेव वेगळी ठेवावी, ज्याला हवी तो घालून घेईल. भाषणे नकोत. अर्पितला बोलावेसे वाटेल, त्याला जिलबी द्यावी.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

भानुमती साडेअकराला देपालपूरहून आली. वकील धनेश हजर होते. तिने चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. कलम चारला हसली. कलम पाचला म्हणाली, "ज्वारी नव्हती, तांदूळ होते. ज्वारी तुमच्याकडे असेल." कलम सहा तिने दोनदा वाचले. मग उठून छोट्या घरापाशी गेली, झोपायच्या खोलीत हात घातला आणि अंगठा व तर्जनी ताणून गादीची लांबी घेतली. तिने बोटे तशीच ताणलेली बाहेर काढून डोळ्यांसमोर धरली, आणि पदराने चष्मा पुन्हा पुसला. मापात खोट असती तर भानू गप्प बसली नसती.

धनेश यांनी पेन पुढे केले. "मौसीजी, इथे सही."

"सही केली तर मला काही मिळत नाही ना?"

"जी, या कागदाप्रमाणे तर नाही."

तिने पेनाला टोपण लावले आणि ते त्यांच्या खिशात परत खोचले. "मग कोणी दुसरं बघा, भिया. मला हात दुखतो."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मधू, तू मरणार कधी आणि मी नेणार कधी? मला इतकं थांबायला वेळ नाहीये. रविवारी नर्मदेला घेऊन येते."

ती नर्मदा म्हणाली. मी चहा टाकायला उठले. स्वयंपाकघरात मी रडले हे इथे नोंदवते, कारण ते खरे आहे. बाहेरून तिचा आवाज आला, "आणि जावईपण येणार आहेत. दिवाळसण त्रेसष्ट वर्षांचा राहिलाय, विहीणबाई. त्यांना काय घालताय ते आत्ताच सांगून ठेवा, मागून वाद नको."

धनेश यांनी विचारले, आता मालमत्ता हयातीतच जाणार असेल तर कलम सहा काढून टाकायचे का. मी सांगितले, राहू द्या. रविवार अजून यायचा आहे, आणि विहिणीशी व्यवहार कागदावर असलेला बरा.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला तो पटला, आणि भानूसमोर सही केली.

मधुवंती आबासाहेब मोहिते

साक्षीदार:
१. धनेश, वकील
२. डॉ. अभिराम, तळमजला (भानुमती लांभाते यांचा हात दुखत असल्यामुळे)

ठिकाण: इंदूर
दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार