मंदाताईंची मागच्या पानावरची यादी

१९ मे
नोंद इतिहासाने घ्यावी: आज सकाळी सव्वासात वाजता घरातल्या एकमेव न करकरणाऱ्या खुर्चीवरचा माझा बावीस वर्षांचा ताबा गेला. नोटीस नाही, सुनावणी नाही. बायकोने, म्हणजे स्मिताने, खुर्ची उचलून टेबलापाशी नेली आणि मला प्लास्टिकचं स्टूल दिलं.
"उद्यापासून मंदाताई येणार शिकायला. दिवसभर उभ्या असतात. एक तास तरी धड बसू देत."
मंदाताई म्हणजे स्मिताच्या दातांच्या दवाखान्यातल्या मदतनीस. वय एकोणचाळीस, धायरीहून येतात. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसल्या, गणितात गेल्या. जूनअखेर पुरवणी परीक्षा. पास झाल्या तर नर्सिंग सहायकाच्या कोर्सला जाता येईल, नाहीतर आहेच चूळ भरायचे पेले धुणं.
"तू गणिताची गाइडं लिहितोस ना?"
लिहितो. म्हणून काय झालं? खाटकाला कुणी गुरांचा डॉक्टर म्हणत नाही.

२० मे
मं.ताई सकाळी सातला दहा कमी असतानाच हजर. पिशवीतून गाइड काढलं. माझंच. पहिल्या पानावर 'लेखन : अनुभवी शिक्षकांचे मंडळ'. मंडळ म्हणजे मी. अनुभव म्हणजे शून्य. वडिलांच्या हट्टापायी बी.एड. केलं, पण वर्गात कधी उभा राहिलो नाही. पोरांची भीती वाटायची. (हे फक्त इथे.)
गाइडाबद्दल काही बोललो नाही.
बाईंना अख्खं गाइड तोंडपाठ. प्रमेय विचारलं, धडाधड म्हणून दाखवलं. मी वर्तुळाच्या केंद्राला ओ ऐवजी एम नाव दिलं. गाडी जागच्या जागी बंद.
"सर, एम पुस्तकात न्हाई."
मार्चमध्ये पेपरात हेच झालं म्हणे. अक्षरं वेगळी आली. म्हणजे या बाईंना नापास कुणी केलं? मंडळाने.

२७ मे
दर ओळीला "का?" साठीला पोचायच्या आत मरणार मी. आज तीनदा म्हणालो, "ते नंतर सांगतो." दर वेळी वही उलटी करून मागच्या पानावर काहीतरी लिहितात.

३० मे
मागचं पान बघितलं. मथळा: 'सर नंतर सांगणार'. खाली नऊ कलमं. आकडे घालून, तारखेसह.
चौथं: 'स्पर्शिका त्रिज्येला काटकोनातच का?'
"गाइडात दिलंय की," मी म्हणालो. मूर्खपणा.
त्यांनी पान काढून बोट ठेवलं. 'हे उघडच आहे.'
"कुणाला उघड, सर? लिहिणारा भेटला पायजे एकदा."
मी पाणी प्यायला उठलो. तहान नव्हती.

९ जून
सराव पेपर. चाळीसपैकी अकरा. ओरडलो. नको होतं. वीस दिवस रोज तासभर घसा फोडतोय आणि अकरा!
त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "सर, बघा तरी. सगळं अक्षर तुमचं हाय. गणित तुम्ही सोडवता, मी हो म्हणते. दवाखान्यात नवी पोरगी आली की मी अवजार तिच्या हातात देते. चुकली की मग बोलते."
आणि माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

१० जून
पेन्सिल बंदी. एका गणिताला चाळीस मिनिटं. दोनदा चुकल्या, दोन्ही वेळा मला चूक तिसऱ्या ओळीतच दिसत होती. जीभ चावून बसलो (खरोखर, आमटी झोंबली दुपारी). तिसऱ्यांदा पेन्सिल थांबली, पुन्हा चालली.
"आलं की ओ, सर!"
मी उभा राहिलो. स्टूल उलटं.
आतून स्मिता : "पडलास?"
"नाही."

१९ जून
चहाच्या कपाखाली जाहिरातीचं कात्रण. जवळच्या रात्रशाळेला तासिका तत्त्वावर गणिताचा शिक्षक हवाय. शेजारी माझं बी.एड.चं प्रमाणपत्र. डांबरगोळ्यांचा वास.
"हा आगाऊपणा कुणी सांगितला?"
"तू आंघोळीत प्रमेयं म्हणतोस," स्मिता म्हणाली. "मीही याच घरात राहते."
अर्ज भरला. अनुभवाच्या रकान्यात काय लिहू? तो रिकामा ठेवून अर्ज दिला.
प्रकाशकांचा फोन. नव्या आवृत्तीत पानं वाढवू नका, मुलांना उत्तर हवं असतं, कारणं नकोत. त्यांनाही म्हणालो, नंतर सांगतो.

३० जून
पेपर झाला. "दोन चुकली. पण अक्षरं कसली का असनात, भ्या न्हाई वाटलं."
यादीतली आठ कलमं खोडून झाली. चौथं राहिलंय. परीक्षेत आलं नाही, त्यामुळे कुणी मागणार नाही.
खुर्ची परत मिळाली. स्टुलावरच बसतो. कारण लिहिण्याची गरज नाही.

४ जुलै
निकाल अजून नाही. रात्रशाळेने सोमवारी बोलावलंय. जाईन की नाही, माहीत नाही. पंचेचाळीस मिनिटं, तीस माणसं, कामावरून दमून आलेली.
दुपारी दवाखान्यात गेलो. पेशंट नव्हता. मं.ताईंना वही काढायला लावली. स्टीलची वाटी पालथी घातली, पट्टी टेकवली आणि हात मागे बांधले.
त्यांनी वाकून डोळा पट्टीच्या पातळीला आणला. "पट्टी एकाच जागी टेकतीय. बाकीची सगळी पट्टी वाटीच्या भायेर. म्हंजे वाटीच्या मध्यापासनं लांब." टेकलेल्या जागेवर बोट ठेवलं. "मग टेकलेली जागाच सगळ्यात जवळ. आन जवळची वाट तिरपी कशी असंल? काटकोनातच पडणार!"
"हं. आणि ते 'उघडच आहे' मी लिहिलंय. गाइड माझं."
"ठावं हाय. मॅडमनी पयल्याच दिवशी सांगितलं."
"तरी आलात?"
"लिहिणारा भेटायला नको?"
वही उलटी करून चौथं कलम खोडलं. नीट, पट्टी लावून. मग वाटी धुवायला घेऊन गेल्या.