व्याह्यांना स्कीइंग दाखवतो

शनिवार, ९ फेब्रुवारी. संध्याकाळ.

पोचलो. व्हिएन्नाहून दिवसभर ट्रेन, मग डोंगरातली बस. स्टॉपवर माझी व्हालेरी आणि तिचा होणारा नवरा योडोक. मे महिन्यात लग्न. योडोक सुतार आहे. (स्वतःचं वर्कशॉप आहे, असं व्हालेरी दर वेळी सांगते. मी दर वेळी ‘वा’ म्हणतो.) लग्नाआधी दोन्ही व्याह्यांनी आठवडाभर एकत्र स्कीइंग करावं, ओळख व्हावी, ही तिची कल्पना. खरं कारण मी ओळखलं. सासरी थोडं वळण लागावं, अशी तिची इच्छा असणार.

व्याही गेबहार्ड मोसब्रुगर. वय एकाहत्तर. बुटके, वाकलेले, डाव्या कानात यंत्र. एकतीस वर्षं इथल्या खालच्या चेअरलिफ्टवर लोकांना खुर्चीत बसवलं. बस, एवढंच कर्तृत्व. भेटल्याभेटल्या मला म्हणाले, “ये, ये. दमलास का?”

दमलास! मी वजनमापे खात्याचा उपप्रमुख म्हणून निवृत्त झालेला माणूस. योडोकने सांगितलं की हजार मीटरच्या वर इथे सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. मी म्हटलं, मी मात्र अहो-जाहोच करीन. कुणीतरी उंची राखायला हवी.

संकल्प: आठवडाभर कुणाला कमी लेखायचं नाही. फरक त्यांना आपोआप कळेल.

रविवार, १० फेब्रुवारी.

अकरा वर्षांनी स्कीवर उभा राहिलो. अंग काही विसरत नाही. नाश्त्याला सांगून टाकलं होतं की मी विद्यापीठाच्या स्की-संघात होतो. राखीव होतो हा तपशील झाला.

म्हातारा दर वळणावर थांबतो. धाप लागत असणार. मी पोचलो की निघतो, पुढच्या वळणावर परत थांबलेला. दया आली. तीनदा सुचवलं की तुम्ही खाली लहान मुलांच्या उतारावर जा, लाज वाटून घेऊ नका. तिन्ही वेळा म्हणाले, “ऐकू नाही आलं.” बॅटरी बदलायला हवी.

दोनदा पडलो. बर्फ निकृष्ट. दुसऱ्यांदा एक स्की सुटून बरीच खाली गेली. व्याह्यांनी ती वर आणून माझ्या पायात बसवली. हातात सफाई आहे. नोकरीची सवय.

सोमवार, ११ फेब्रुवारी.

दुपारी डोंगरावरच्या झोपडी-हॉटेलात जेवण. पिठाचे चिमुकले उकडलेले गोळे, त्यात ढीगभर चीज, वर तळलेला कांदा. सगळ्यांनी एकाच लाकडी परातीतून खायचं म्हणे. मी वेगळी प्लेट मागितली. मालकीणबाईंनी आणून दिली आणि म्हणाल्या, “आजारी आहेस का रे?” सगळे हसले. व्हालेरीही.

संध्याकाळी तिला समजावलं की उद्या खरं जेवण काय असतं ते मी दाखवतो. ती म्हणाली, “पप्पा, प्लीज.” हल्ली फार प्लीज म्हणते. शिष्टाचार माझ्याकडून आलाय.

मंगळवार, १२ फेब्रुवारी.

गावातलं सगळ्यात उत्तम रेस्टॉरंट. सात पदार्थांचं जेवण, चौघांचं टेबल, यजमान मी. गेबहार्ड तपकिरी कोट घालून आले होते. त्यांच्या स्वतःच्या लग्नातला, असं अभिमानाने म्हणाले. मी म्हटलं, दिसतंच आहे.

माशाची सुरी कुठली आणि लोण्याची कुठली, हे त्यांना कळेना. मी समजावलं. मोठ्याने, कारण कान. पलीकडच्या टेबलांवरही शांतता पसरली, म्हणजे इतरांनाही माहीत नव्हतं.

वाइन परत पाठवली. बुचाचा वास होता. वाढणारी मुलगी म्हणाली की नुकतीच उघडली आहे, चांगली आहे. मी तिला विचारलं, तुमच्या गावात वाइन मिळते का, की ती इथे येऊनच पाहिली? बोलण्यावरून परदेशी वाटत होती. तिचे डोळे भरून आले. माणूस शिकतो तेव्हा असं होतं.

शेवटी मुख्य आचारी स्वतः बाहेर आला. जाणकार गिऱ्हाईक आलं की येतात. मी उठून हात पुढे केला. तो माझ्या बाजूने पुढे गेला आणि त्याने म्हाताऱ्याला मिठी मारली. म्हणाला, “गेबहार्ड! सात वर्षांचा होतो, खुर्चीत बसायला घाबरायचो. हा रोज लिफ्ट थांबवून माझ्या शेजारी बसून वर यायचा!” मग दोघं अर्धा तास बोलत बसले. आईस्क्रीम वितळलं. लहान गावात लिफ्टवाल्याचंही कौतुक होतं, हे चांगलंच आहे.

बुधवार, १३ फेब्रुवारी.

दिवसभर बर्फ पडतंय. लिफ्ट बंद.

दुपारी व्हालेरी खोलीत आली. मी त्या मुलीची माफी मागावी, असं तिचं म्हणणं. मी विचारलं, कुठली मुलगी? मग ती बरंच बोलली. म्हणाली, “मी आठवडाभर सगळ्यांची तोंडं बघत बसते पप्पा, आता हे काय बोलतील म्हणून. लहानपणी आईचं तोंड बघायचे, आता सासऱ्यांचं बघते.” आणि काल घरी जाताना गेबहार्ड तिला म्हणाले म्हणे, “रागावू नको गं त्याच्यावर. घाबरलेला माणूस बडबडतो.”

घाबरलेला! मी!

ती रडायला लागली. मी म्हटलं, आईसारखी रडू नकोस. झटक्यात थांबली आणि निघून गेली. माझ्या शब्दाला अजून वजन आहे.

संकल्प: उद्या काळा उतार. सगळ्यात अवघड. कोण घाबरतं ते दिसू दे.

गुरुवार, १४ फेब्रुवारी.

जे झालं ते आठवतंय तोवर नीट लिहून ठेवतो. उद्या लोक काहीही बोलतील.

ऊन चकचकीत. वर झोपडीत मी नासपतीच्या दारूचे दोन छोटे ग्लास घेतले. थंडीसाठी. तिसरा घेतला तो मालकीणबाईंनी नको म्हटलं म्हणून. काळ्या उतारावर गेबहार्ड म्हणाले, “सावकाश ये. खाली नुसती काच झालीय. वळणावर मी कडेला थांबतो, माझ्याकडे बघत ये.” आणि गेले. मागे व्हालेरी आणि योडोक उभे होते. मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने व्हालेरी म्हणाली, “पप्पा, लिफ्टने खाली जाऊ या. मी येते ना तुमच्याबरोबर.”

मी स्की सरळ खाली सोडल्या.

पहिलं अर्धं फार छान गेलं. मग पाय माझे राहिले नाहीत. वळणावर म्हातारा उभा. अगदी कडेला, खांबाला टेकून, हे खरं. पण उभा होता. बाजूला होऊ शकला असता. त्याने उलट दोन्ही हात पसरले. मला अडवायला की काय. त्याच्या मागे खांब होता आणि खांबापलीकडे दरी, असं योडोक म्हणतो. मी दरी पाहिली नाही.

लाकूड मोडल्यासारखा आवाज आला.

मला काही झालं नाही. कोपर खरचटलं.

बचाव पथकाचा माणूस आला. त्याने मला सांगितलं की वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं, हा इथला पहिला नियम. मी त्याला नियमांतल्या संदिग्धतेबद्दल सांगू लागलो. तो म्हणाला, “गप्प बस.” अरे-तुरे. खाली पडलेले गेबहार्ड पांढरे पडले होते, तरी म्हणत होते, “आधी त्याला बघा रे. हादरलाय बिचारा.”

खुब्याचं हाड. घसरगाडीवर बांधून नेलं. व्हालेरी त्यांचा हात धरून बरोबर गेली. मी कोपर दाखवलं, तिने पाहिलं नसावं.

स्की खांद्यावर घेऊन चालत उतरलो. अडीच तास. फोन आला नाही. डोंगरात रेंज नसते.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी.

ऑपरेशन झालं. हे मला लॉजच्या मालकाने सांगितलं.

जेवायला खाली गेलो. टेबल बदललंय, आता स्वयंपाकघराच्या दाराशी. चौघांच्या जागी एकाचं ताट. बहुधा सोयीसाठी. सूप आलं, कुणी काही बोललं नाही. वजनमापे खात्यात अशा शांततेला आदर म्हणत.

संकल्प: उद्या हॉस्पिटलात जाऊन त्यांना माफ करायचं. वाक्यं तयार केली. ‘मी तुम्हाला दोष देत नाही’ इथून सुरुवात.

शनिवार, १६ फेब्रुवारी. बस स्टॉपवर.

गेलो होतो. गेबहार्ड खिडकीजवळच्या पलंगावर. मला बघून हसले. “आलास? बस.” मी उभ्यानेच सगळं बोललो, चार-पाच मिनिटं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग कपाटावरचं यंत्र उचलून कानात घातलं आणि म्हणाले, “हं, आता सांग.”

पुन्हा म्हणता आलं नाही. कसे आहात, एवढंच विचारलं.

“मी बरा आहे. तूच मनाला लावून घेऊ नकोस,” ते म्हणाले. “आणि चर्चमधल्या त्या गोष्टीचं म्हणशील, तर मी तिला परत सांगून बघतो. काल म्हटलं मी, आता माझा पाय असा, आता तरी बापाला विचार. त्याचे दोन्ही पाय धड आहेत.”

कुठली गोष्ट, मी विचारलं.

त्यांचा चेहरा पडला. मला माहीत आहे असं ते धरून चालले होते. व्हालेरीने गेल्या शरद ऋतूतच त्यांना विचारलंय. लग्नात बाप मुलीला नेतो तसं चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत तिला हात धरून नेणार ते. मी नाही.

मग काय म्हणाली ती, मी विचारलं. विचारायला नको होतं.

“म्हणाली, कुबड्या घेऊन चाला, मी थांबत थांबत येईन. अरे, पोरी बोलतात काहीतरी…”

पुढे बोला, मी म्हटलं. त्यांनी चादरीची सुरकुती सरळ केली. मग म्हणाले, “म्हणाली, पप्पांबरोबर चालताना मला लहानपणापासून पळावं लागतं.”

यावर मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिणार होतो. दिलं नाही.

व्हालेरी खाली दाराशी उभी होती. बस कधी आहे ते तिने सांगितलं आणि स्टॉपपर्यंत येते म्हणाली. रस्ता जेमतेम दोनशे मीटरचा. मी बॅग या हातातून त्या हातात घेत मुद्दाम सावकाश चाललो. अगदी सावकाश. ती शेवटपर्यंत दहा पावलं मागेच राहिली.