माझी वेगळी कणगी

मी, ज्ञानोबा निवृत्ती सूर्यवंशी, वय वर्षे ७८, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार माकणी, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव, पूर्ण शुद्धीवर राहून व स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो ते येणेप्रमाणे. धंद्याच्या रकान्यात आजवर प्रत्येक कागदावर मी 'शेती' असे लिहीत आलो. शेत माझे आहे; परंतु ते माझी सून करते आणि मी तिच्या हातचे बसून खातो. म्हणून यावेळी तो रकाना मोकळा ठेवला आहे.

हा कागद मी कोणाच्या सांगण्यावरून, धाकाने अथवा नशेत लिहीत नाही. सकाळपासून तंबाखूसुद्धा घेतलेली नाही.

माझी पत्नी दगडाबाई वारली आहे. मला एकच मुलगा, बजरंग. तो सन २०१४ साली पत्नी दीपमाला व चार वर्षांची मुलगी निकिता यांना माझ्या घरी सोडून पुण्याकडे गेला. तेथे त्याने दुसरा संसार मांडला आहे. हे वाक्य लिहिण्यास मला अकरा वर्षे लागली.

कलम पहिले : घर.
ग्रामपंचायत मिळकत क्रमांक २१४, पत्र्याच्या तीन खोल्या व पुढील अंगण, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती माझ्या पश्चात दीपमाला हिने पूर्ण मालकी हक्काने घ्यावी. विकावी, पाडावी अथवा भाड्याने द्यावी. तिला कोणी जाब विचारू नये.

'स्वकष्टार्जित' हा शब्द कायद्याने बरोबर आहे, परंतु खुलासा करणे भाग आहे. भूकंपात जुने घर पडले तेव्हा याच भिंतींसाठी मी सरकारी अनुदान घेतले होते. हप्ता आणावयास पांढरा फेटा बांधून गेलो होतो. लाज वाटली नाही, कारण रांगेत सगळा गाव होता. पुढे माझी सून एकटी रांगेत उभी राहू लागली, तेव्हा मला लाज वाटली.

घर बजरंगला का नाही, तेही लिहितो. यंदा दिवाळीत त्याचा फोन आला.

"अण्णा, धरणाच्या रस्त्याला जागेला लई भाव आलाय. घर माझ्या नावावर करा, बाकीचं म्या बघतो."

"आन् दीपमालानं कुठं जावं?"

"तिला काय झालंय? तिला सरकारचा पगार हाय की."

मी फोन ठेवला. निराधार बायकांच्या खात्यात दरमहा जे अनुदान येते त्यास गावात पगार म्हणतात. गावातल्या एका लग्नात जेवढ्याचे फटाके उडतात, तेवढा तो वर्षभरात होत नाही. त्या पगाराच्या नावाने माझा मुलगा तिचे छप्पर मागत होता. यात त्याला दोष देण्यापूर्वी माझा स्वतःचा दोष लिहिणे आवश्यक आहे.

कलम दुसरे : सन २०१६ मधील माझे निवेदन.
दीपमालाने त्या पगारासाठी अर्ज केला होता. चौकशीस तेव्हाचे तलाठी आले. चावडीपुढे दहा-पंधरा माणसे होती. कोतवाल महांतप्पा दप्तर धरून उभे होते. सून भिंतीला लागून डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तलाठ्यांनी मला विचारले, "काका, मुलगा सुनेला नांदवतो का?"

मी म्हणालो, "नांदवतो की. नोकरीला हाय तिकडं. महिन्याच्या महिन्याला पैसे धाडतो."

तोपर्यंत त्याने दोन वर्षांत एक रुपया पाठवला नव्हता. आमच्या घरात चारचौघांत सून सासऱ्याचे बोलणे खोडत नाही. दीपमालानेही खोडले नाही. घरी आल्यावर चहा दिला, तेव्हा फक्त एवढे म्हणाली, "मामा, तुमी माझं नशीब बंद केलं बगा." मी म्हणालो, "सूर्यवंश्यांची सून भिकेच्या यादीत नाव घालणार न्हाय." चहा मात्र प्यालो.

ते निवेदन खोटे होते. त्यामुळे तिचा पगार तीन वर्षे अडला. त्यांपैकी दोन हंगाम ती आपल्या भावाच्या टोळीबरोबर उसाच्या फडावर गेली. मुकादमाची उचल घेतली होती, म्हणून तापातही मोळ्या बांधल्या. निकिता बरोबर गेली. दोन हिवाळे तिची शाळा बुडाली. त्या काळात मी गावात सांगत असे की सून माहेरी गेली आहे.

कलम तिसरे : शेत व अवजारे.
गट क्रमांक ८७ मधील चार एकर कोरडवाहू जमीन वडिलोपार्जित आहे. तीत बजरंगचा जो कायदेशीर हिस्सा आहे तो मला काढून घेता येत नाही व मी घेतही नाही. माझा स्वतःचा हिस्सा नात निकिता हिला देतो. ती सज्ञान होईपर्यंत दीपमालाने तो कसावा. तिफण, कुळव व पितळी मापे दीपमालाकडेच राहावीत. शेजारचे भावकीतले लोक तिफण मागतील. द्यावी, परंतु फण मोजून द्यावे व मोजून घ्यावे.

कलम चौथे : कणगीविषयी.
सन २०१९ साली पुन्हा चौकशी झाली. त्यावेळी सेवानिवृत्त झालेले महांतप्पा पंच होते. त्यांनी माझ्यासमोर खरे सांगितले, "पोरगा नांदवत न्हाय. ह्या बाईला टाकून पाच वर्सं झाली." पगार मंजूर झाला. मी महांतप्पांशी सहा वर्षे बोललो नाही.

पहिल्या पैशातून दीपमालाने निकितास चष्मा केला. जिल्हा परिषद शाळेचे अंबादास कुलकर्णी गुरुजी दोनदा घरी येऊन सांगून गेले होते की मुलगी ढ नाही, तिला फळा दिसत नाही. मी त्यांना उत्तर दिले होते, "आमच्या घराण्यात कुणाला चष्मा लागला न्हाय." चष्मा लोहाऱ्याहून आणला. निकिता अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, लिंबाला पानं सुटी सुटी असत्यात व्हय?" मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती.

त्यानंतर दीपमाला फडावर गेली नाही. मुकादम दारात आला तेव्हा तिने उंबऱ्याच्या आतूनच सांगितले, "यंदा जमायचं न्हाय, भाऊ." एवढेच. त्या बाईच्या तोंडून कोणाला नाही म्हटलेले मी प्रथम ऐकले. पगाराने ती श्रीमंत झाली नाही. गावातली खुरपणी, काढणी करतच होती. परंतु तिला नाही म्हणता येऊ लागले.

आणि मी काय केले? मी तिला बजावले, "त्या पैशाचा दाणा माझ्या ताटात नको." माझ्या रानातली ज्वारी वेगळ्या कणगीत भरून घेतली. तिने चार वर्षे माझ्यासाठी वेगळे पीठ दळले, वेगळी भाकरी थापली. पावसाने दगा दिला त्या वर्षी रानात फारसे काही आले नाही, तरी माझी कणगी दिवाळीच्या पुढे गेली. मी चावडीवर सांगितले, "माझ्या रानाचं धान्य हाय, पुरतंय बगा." लोक हसले. मला वाटले, कौतुकाने हसले.

पुढे दीपमालाने मला तुळजापूरला नेऊन मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून आणली. पट्टी निघाल्यावर आठ दिवसांनी मी कणगीत हात घातला. वर दिसण्यापुरती माझी ज्वारी होती. खाली बाजारची हायब्रीड. मी जन्मभर ज्वारी पेरली आहे. दाणा ओळखण्यास मला कोणास विचारावे लागत नाही. माझ्या मानासाठी ती पगारातून ज्वारी आणून माझ्या कणगीत ओतत होती, आणि मी तीच खाऊन तिच्या पैशाला भीक म्हणत होतो.

हे कळूनही मी बोललो नाही. दोन वर्षे तशीच वेगळी भाकरी घेत राहिलो. चावडीवरच्या निवेदनापेक्षा मला या दोन वर्षांची लाज अधिक वाटते. त्यावेळी लोक पाहत होते. यावेळी कोणी पाहत नव्हते.

कलम पाचवे : बचत.
माझ्या खात्यात शेतकऱ्यांना मिळणारे सरकारी हप्ते जमा आहेत. ते घेताना मी त्यास कधी मदत म्हटले नाही, हक्क म्हटले. ती सर्व रक्कम निकिताच्या दहावीनंतरच्या शिक्षणासाठी आहे. कुलकर्णी गुरुजींनी व्यवस्थापक म्हणून लक्ष ठेवावे. माझ्या तेराव्यास गावजेवण घालू नये. बजरंग आल्यास अग्नी त्यानेच द्यावा, तो मुलगा आहे. परंतु या घरात पाहुण्यासारखे येऊन पाहुण्यासारखे जावे.

कलम सहावे : खाडाखोडीचा खुलासा.
वरील मजकूर लिहून मी काल महांतप्पांच्या घरी गेलो व साक्षीची विनंती केली. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"सही करतो," ते म्हणाले. "पण सुनंला वाचून दाखिवलं का?"

"मी गेल्यावर वाचंल की ती."

"म्हंजी माफी मागणार तुमी, आन् ती कबूल करायला तुमी नसणार. असली साक्ष म्या देत न्हाय, ज्ञानोबा. घरी चला."

म्हणून आज दोन्ही साक्षीदारांसमोर मी हा कागद दीपमालास मोठ्याने वाचून दाखविला. कणगीचा भाग आला तेव्हा मी कागद पुढे सरकवला. तो भाग गुरुजींनी वाचला. दीपमाला दाराच्या चौकटीशी बसून सगळे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "मामा, पयल्या कलमातलं एक खोडा."

मी तेथे लिहिले होते, 'बजरंग यास मी मयत समजतो व दीपमाला हिला माझ्या मुलाची विधवा समजण्यात यावे.' मला वाटले होते, त्यात तिचा मान राहील.

"ते जिते हायेत," ती म्हणाली. "म्या इधवा न्हाय. मला टाकल्याली हाय. आन् ते खरं हाय म्हणूनच मला पगार मिळाला. तुमी पुन्यांदा माझ्याबद्दल खोटं लिवू नका."

गुरुजींनी मला पेन दिले. त्या दोन ओळी मी खोडल्या आहेत. त्यांच्या जागी पुढीलप्रमाणे वाचावे : 'दीपमाला, माझा मुलगा बजरंग हयात असून त्याने टाकलेली त्याची पत्नी.' हे चावडीपुढे मी सांगावयास हवे होते ते वाक्य आहे. खोडलेल्या जागी समासात आम्हा तिघांच्या सह्या आहेत.

लिहून देणार :
सही / ज्ञानोबा निवृत्ती सूर्यवंशी

समक्ष हजर साक्षीदार :
१. सही / महांतप्पा शिवप्पा बिराजदार, सेवानिवृत्त कोतवाल, राहणार माकणी
२. सही / अंबादास दत्तात्रय कुलकर्णी, सेवानिवृत्त शिक्षक, राहणार लोहारा

दीपमाला बजरंग सूर्यवंशी हिला या कागदाने लाभ होत असल्याने तिची साक्ष कायद्यानुसार घेतलेली नाही. ती हजर होती व तिने ऐकले.

ठिकाण : माकणी
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार