मोड आलेल्या पत्रिका

कोपरखैरणे,
गुरुवार, २१ नोव्हेंबर २०२४

अरविंद,

एका हाताने पत्रिका सुट्या करते आहे आणि दुसऱ्याने लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. वरच्या पत्रिका निघतात. खालच्या एकमेकींना चिकटल्या आहेत; ओढल्या की फाटतात. कोपऱ्यांना मोड आले आहेत. मोहरीचे. पांढरे, बारीक, आणि टोकाला कुंकू.

तू बरा असशील. आईची तब्येत ठीक आहे. क्षिप्राचं लग्न जवळ आलं, हे तुला ठाऊक आहेच. फोन केला असता, पण फोनवर तू "बोल" म्हणतोस आणि माझं बोलणं तिथेच संपतं.

क्षिप्राला आणि केयूरला दोघांना मिळून एकच वेड, बाल्कनीतली शेती. ओळखही त्यातूनच झाली. तो खतासाठी सोसायटीभर केळ्याची सालं गोळा करत फिरायचा आणि ही त्याच्याआधी जाऊन घेऊन यायची. म्हणून पत्रिका अशी हवी, की लग्नानंतर मातीत पुरली की उगवली पाहिजे. मी जगाला अशा पत्रिका करून देते. सख्ख्या बहिणीला नाही कसं म्हणणार? आधी टोमॅटोचं बी हवं होतं. मग मिरचीचं. केयूरची आई म्हणाली, शुभकार्यात मिरची नको. शेवटी कागदवाल्याने लगद्यात मोहरी घालून दिली. मोठ्या मशीनवर बी चिरडतं, म्हणून बोनकोड्याच्या भगवानकडून एकेक पत्रिका हाताने स्क्रीनवर छापून घेतली. पहिल्या खेपेला दाणा नेमका मुहूर्ताच्या वेळेखाली आला आणि आकडा फुटला. पुन्हा छापलं. मध्येच क्षिप्रा म्हणाली, "ताई, कडेची मोहरीची पानं जरा खरी काढ ना." मी खरी काढली. केयूर म्हणाला, ही मुळ्याची आहेत.

राजेश्वरी आत्या साताऱ्याहून आली आहे, लग्न होईपर्यंत इथेच. तिने पत्रिका हातात घेऊन दाणे चाचपले. "मोहरी? आमंत्रण देताय का पाव्हण्यांची दृष्ट काढताय?" सगळे हसले. मीही.

रविवारी पत्रिकांना कुंकू लावलं. पाणी लागू द्यायचं नाही, हे मी सगळ्यांना बजावलं होतं. तरी ओलं कुंकू लागलं. मग आईने गठ्ठे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटावर ठेवले. पिशवी आज उघडली.

आणखी एक. निमंत्रकांमध्ये तुझं नाव आहे. बाबा नाहीत, भाऊ नाही. थोरल्या जावयाचंही नाव नसलं तर साताऱ्याची माणसं विचारतील, असं आईचं म्हणणं. तू मार्चमध्ये घर सोडलंस हे तिकडे कोणालाच माहीत नाही. आईने सांगून ठेवलंय की तू कंपनीच्या कामासाठी बंगळुरात आहेस. आणि तू घणसोली गावात खोली घेऊन राहतोस, इथून रिक्षाच्या अंतरावर. आत्या भाजी आणायला खाली उतरली की आई खिडकीतून हलत नाही.

मी तुला न विचारता नाव छापलं. 'सौ. वैशाली व श्री. अरविंद'. त्या ओळीखाली एकही दाणा आला नाही. अगदी स्वच्छ छापली गेली.

पत्रिका करून घ्यायला आलेल्या जोडप्याला मी पहिला प्रश्न हाच विचारते, की दोघांना मिळून काय आवडतं. कोणी ट्रेक सांगतं, कोणी बुद्धिबळ. मध्यंतरी आपल्या दोघांसाठी उत्तर शोधत बसले. रविवारी आपण पंखे पुसायचो. तू स्टुलावर, मी स्टूल धरून. त्याची पत्रिका होत नाही.

ओलं कुंकू कोणी लावलं ते वर लिहिलं नाही. मी लावलं.

मी कोरडं कुंकू काढून ठेवलं होतं. आत्याने त्यात पाणी कालवलं, कोरडं टिकत नाही म्हणाली, आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. "तू लाव. घरात सुवासिनी आता तूच." आई ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. क्षिप्रा माझ्याकडे बघत होती. एक वाक्य बोलले असते तर ताट बाजूला झालं असतं. ते वाक्य मी अजून कोणापुढे मोठ्याने म्हटलेलं नाही. त्यापेक्षा बोट बुडवणं सोपं होतं. मी बुडवलं. एकेका पत्रिकेचे चारही कोपरे, सगळ्या गठ्ठ्याचे. आत बी आहे, भिजलं तर काय होतं, हे त्या घरात माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? आत्या म्हणाली, "बघ, कसे एकसारखे टिळे."

राग कोणावर काढावा ते कळत नाही. दुपारभर आईवर काढला. ती पोळ्या लाटत राहिली, तेव्हा आणखी आला. आत्या बाहेर टीव्हीपुढे बसली आहे. मध्येच विचारते, "अरविंद हळदीला तरी पोचतोय ना गं?" मी हो म्हणते. मला त्या 'हो'चा कंटाळा आला आहे.

आत्यासाठी येऊ नकोस. फोटोसाठीही नको. आईचं मी बघेन. यायचंच असेल तर दुसरं काही कारण असायला हवं, आणि ते मी सुचवणार नाही.

आपल्या खारघरच्या घरातले पंखे तू गेल्यापासून तसेच आहेत. एकदा चढून पाहिलं. स्टूल हलतं.

'सौ.' छापून झालं आहे. इथे नुसतीच,

वैशाली

शुक्रवार, सकाळ.

चहाच्या वेळी आत्याला खरं सांगितलं. तिने बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "अगं, मग मला ताट का सरकवू दिलंस?" आई आत निघून गेली. क्षिप्राने मोड आलेल्या पत्रिका बाल्कनीतल्या टबात मातीखाली घातल्या. कागद थोडा उरला आहे, तेवढ्यावर भगवान दुपारी नव्याने छापायला घेईल. निमंत्रकांची ओळ मी त्याला अजून दिलेली नाही. हे पत्र केयूर कामावर जाताना तुला देईल. तुझ्या उत्तरासाठी त्याला थांबायला सांगितलं आहे.