मोठ्या गटातली जागा

लिंडेन,
९ सप्टेंबर २०१२

ती. लोर्नाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलो. विद्यापीठाच्या नियामक मंडळावर मला घेतलं तेव्हा तू म्हणाली होतीस की ट्रॅक्टर विकणारा आता कुलगुरूंनाही विकून येईल. तर आता खरंच एक सौदा जमत आलाय. फुटबॉल खेळणाऱ्या विद्यापीठांच्या मोठ्या गटाने आपल्याला विचारलंय. आज टीव्हीवाल्यांकडून वर्षाला दोन मिलियन डॉलर येतात, तिथे गेलो की वीस येतील. आपल्या जुन्या गटातल्या आठ विद्यापीठांचे सामने बघतं कोण? त्यांचेच आईबाप.

अडचण जुन्या विद्यार्थ्यांची आहे. ते म्हणतात, फुटबॉल सगळं गिळून बसेल. २२ तारखेच्या त्यांच्या सभेत मी बोललो तर हसतील. तू सव्वीस वर्षं तिथल्या मुलींच्या जलतरण संघाची प्रशिक्षक आहेस, तुझं ऐकतील. एकाही खेळाला हात लागणार नाही, हा माझा शब्द. उलट तुझ्या तलावाच्या गळक्या छताचंही काम होऊन जाईल.

एवढं कर. लोभ आहेच, तो माझ्या या भुणभुणीने आटू देऊ नकोस.

तुझा,
वेंडेल


ऑल्डर्टन,
३० सप्टेंबर २०१२

चि. वेंडेल यास अनेक आशीर्वाद.

बोलले बाबा तुझ्यासाठी. कुस्तीचे एमस प्रशिक्षक उभे राहिले आणि सरळ विचारलं की बाई, उद्या पैसे कमी पडले तर पहिली सुरी कोणावर? मी सांगितलं, माझ्या सख्ख्या भावाने शब्द दिलाय. सभा हसली, पण मायेने हसली. मग हात वर झाले. बहुतेक सगळेच. एमसनीही केला, पण सर्वांत शेवटी.

दुसरी बातमी. नॉर्थ डाकोटाची ब्रिटा ओडेगार्ड आपल्याकडे येतेय. बटरफ्लाय अशी पोहते की पाण्याचा आवाजसुद्धा होत नाही. वडील दुधाचा टँकर चालवतात. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी बटाट्याचं हॉटडिश, तो त्यांच्याकडचा ओव्हनमधला पदार्थ, दोनदा वाढून घेतलं. आईने विचारलं, चार वर्षं संघ राहील ना? दुसरं एक विद्यापीठही तिला बोलावतंय. मी म्हटलं, राहील. आता छत लवकर दुरुस्त कर, नाहीतर पोरी छत्री घेऊन पोहतील.

तब्येत सांभाळ, आणि मोठ्या लोकांत बसताना शर्टाची बटणं लावत जा. ममता आहेच.

तुझी,
लोर्नाताई


ऑल्डर्टन,
१४ मार्च २०१४

चि. वेंडेल यास आशीर्वाद.

माझी दोन पत्रं तुझ्याकडे पडून आहेत. फोन केला की तुझी सेक्रेटरी सांगते, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

मोठ्या गटात आमचं पहिलं वर्ष संपत आलं. पूर्वी बसने तीन तासांत पोचायचो, आता एका स्पर्धेसाठी दीड हजार मैल विमान. पोरी विमानतळावर जमिनीवर बसून अभ्यास करतात. तरी ब्रिटा गटात तिसरी आली. फुटबॉलचा संघ बारापैकी अकरा सामने हरला आणि त्यांच्या प्रशिक्षकाला पगारवाढ मिळाली, हे मी पेपरात वाचलं.

काल हिशेबखात्यातली बाई मला बघून रडायला लागली. का, ते सांगेना. तू सांग. गोड बोलू नकोस, सरळ लिही.

लोर्नाताई


लिंडेन,
२ एप्रिल २०१४

ती. लोर्नाताईस,
सा. न. वि. वि.

सरळ लिहितो. जुना गट सोडताना दंड भरावा लागला. मोठ्या गटात पहिली सहा वर्षं निम्माच वाटा मिळतो. त्यात नवं स्टेडियम. मंडळाने काल ठरवलं: जलतरण, कुस्ती आणि टेनिस या जूनपासून बंद. मुलींच्या शिष्यवृत्त्या चालू राहतील, त्यामुळे कोणाचं नुकसान नाही.

तू माझ्यावर चिडशील. पण उद्या दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. बंद करायच्या खेळांची यादी सभेच्या आधीच, २०१२च्या ऑगस्टमध्ये झाली होती. तेव्हा तो नुसता कागद होता ग. मला वाटलं, वेळ येणारच नाही.

तुझ्यासाठी मी भांडलो. तुला सल्लागाराची जागा देतायत, पगार तोच. स्टेडियममध्ये काचेच्या खोलीत कायमच्या दोन खुर्च्या. एवढा मोठा व्याप म्हटला की कोणाला तरी झळ बसतेच, तू समजूतदार आहेस.

राग निवळला की दोन ओळी लिही. तुझ्या मायेला मला मुकवू नकोस.

तुझा,
वेंडेल


ऑल्डर्टन,
१९ मे २०१४

रा. रा. वेंडेल क्रेब्स यांस,

सल्लागाराची जागा मी नाकारली. कुलगुरूंना तसं लिहून दिलंय.

मुलींना मीच सांगितलं, तलावाच्या काठावर. कोणी ओरडलं नाही. एकीने विचारलं, आजचा सराव होणार का? झाला. सगळ्या पूर्ण पोहल्या.

ब्रिटाला शिष्यवृत्ती आहे, तुम्ही म्हणता ते खरं. पण ती शिष्यवृत्तीसाठी आली नव्हती, पोहायला आली होती. मी नऊ विद्यापीठांना फोन केले, सगळीकडे संघ भरलेत. ती परवा घरी गेली. एमस माझ्या दाराशी आले होते. मला वाटलं भांडतील. ते म्हणाले की तुमच्या भाषणाआधी माझा हात वर जाणार नव्हता. एवढंच बोलून गेले.

ब्रिटाच्या आईचा फोन आला. तिने एकच विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? मी म्हटलं, नाही. तिने लगेच विश्वास ठेवला, वर माझंच सांत्वन केलं. माझ्या शब्दावर माणसं अजून विश्वास ठेवतात, म्हणून तर तुम्ही तो उसना नेलात.

आई ऑगस्टात पंच्याऐंशीची होते. तिला यातलं काही सांगायचं नाही. मी शनिवारी जाऊन येईन. तुम्ही रविवारी जा.

लोर्ना क्रेब्स