उसळून परतलेले इलेक्ट्रॉन

यूवास्कूला, १४ मार्च

प्रिय ओस्मो,

तू बरा असशील. इथे तळ्यावरचा बर्फ अजून टणक आहे. आईचा गुडघा सुधारतोय. फोनवर ती आधी तुझीच चौकशी करते आणि मी विषय बदलते.

कामाचं सांगते. किरणोत्सारी हेलियमच्या अणुकेंद्रातून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची दिशा मोजता मोजता नऊ वर्षं गेली. हव्या त्या आकड्याकडे आमचं मन ओढलं जाऊ नये म्हणून उत्तरात एक गुप्त संख्या मिसळलेली होती. मंगळवारी माझी विद्यार्थिनी रित्वा हिने ती काढून टाकली. खरं उत्तर सिद्धांतापेक्षा हजारात पाचने कमी निघालं! म्हणजे निसर्गात एखादं नवं बल. पोरांनी टाळ्या पिटल्या. मला मात्र यंत्र जोडताना झालेलं आपलं बोलणं आठवलं.

"हेल्वी, काही इलेक्ट्रॉन डिटेक्टरवर आपटून परत उसळतात. त्यांची ऊर्जा पुरती नोंदलीच जात नाही," तू म्हणाला होतास.

"तू यंत्र जोड. हिशेब मी बघते."

बुधवारी रित्वाला घेऊन बसले आणि ते उसळणारे इलेक्ट्रॉन हिशेबात धरले. पाचाचे चार झाले, मग दोन. दुपारपर्यंत फरक उरलाच नाही.

"सोमवारी पत्रकार यायचेत," रित्वा म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नका येऊ म्हणून कळव."

"आणि कारण?"

"माझी चूक."

इथवर लिहिणं सोपं होतं.

सहा वर्षांपूर्वी समितीने प्रयोगाला झालेल्या उशिराचा जाब विचारला तेव्हा मी म्हणाले, ओस्मोने डिटेक्टरचे सांधे कच्चे जोडले. आदल्याच दिवशी मी ते एकेक करून तपासले होते. एकही कच्चा नव्हता. रखडला होता तो माझा हिशेब. मी खरं बोलेन म्हणून तू माझ्याकडे पाहत राहिलास, आणि मी कागद चाळत बसले. तू ओळखपत्र टेबलावर ठेवून निघून गेलास. पुढे कुठल्याच प्रयोगशाळेनं तुला दारात उभं केलं नाही.

काल मी समितीपुढे सगळं सांगितलं.

अध्यक्ष म्हणाले, "एवढं जुनं कशाला उकरताय?"

"तो अजून भोगतोय म्हणून."

लेखीही दिलंय, प्रत सोबत आहे. तुझ्या नावापुढचा शेरा ते काढणार आहेत. गटाचं प्रमुखपद मी सोडलं. तुझी सहा वर्षं मात्र मला परत देता येत नाहीत.

माफ कर असं म्हणायचा धीर होत नाही. हे पत्र फाडलंस तरी ती प्रत ठेव, ती तुझी आहे.

तुझ्यावर खोटा आळ घेणारी, तुझी बहीण,
हेल्वी