कापलेली कड

मांडवी, रत्नागिरी
१२ जानेवारी २०२५

सुहासभावोजी यांस,
सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, डोळे अजून चालतात. दारच्या आंब्याला यंदा मोहोर चांगला आहे. चाळीस वर्षांनी पत्र लिहिताना सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून मोहोराचं लिहिलं.

तुमच्या श्रुतीचा फोन आला होता. "काकी, बाबांनी काढलेली विज्ञानकथांची जुनी मुखपृष्ठं गोळा करतेय. तुमच्याकडे एखादं आहे का?" नाही म्हणाले. खोटं बोलले. एक आहे. कुठलं ते तुम्हाला माहीत आहे.

ते चित्र तुम्ही आमच्या अंगणात काढलंत, तो मे महिना आठवतो? तुमच्या दादांच्या डोक्यावर भाताचा टोप, कमरेला कपडे वाळत घालायची दोरी. म्हणे अंतराळवीर! "आटप रे लवकर, कालच्या भाताचा वास येतोय ह्यात!" हे टोपाच्या आतून ओरडत होते. दोरीचं दुसरं टोक तुम्ही माझ्या हातात दिलं होतंत. "वहिनी, हसू नका, हात हलतोय."

त्याच साली दिवाळीनंतर वादळ झालं. शेजाऱ्यांची होडी सुटली. ती आणायला हे कमरेला दोरी बांधून पाण्यात उतरले. देहसुद्धा मिळाला नाही.

चार महिन्यांनी ते चित्र मुखपृष्ठावर असलेलं पुस्तक वाचनालयातून माझ्याकडे बाइंडिंगला आलं. माझी शाळा चौथीपर्यंत, पुस्तकं शिवता शिवताच मी वाचायला लागले. पण कडा कापताना गठ्ठा पालथा असतो. कापून झाल्यावर मुखपृष्ठ पुठ्ठ्यावर चिकटवायला उचललं, तर काचेच्या टोपात यांचा चेहरा. काळ्या आभाळात तरंगताहेत, मागे वळून बघताहेत. कमरेची दोरी लांबवर गेलेली, आणि दुसऱ्या टोकाला कुणी नाही.

वाचनालयाला पुस्तक कोऱ्या रेक्झिनमध्ये गेलं. मुखपृष्ठ मी ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. तरी चुलीपाशी असो की विहिरीवर, हे मागून बघताहेत असं वाटायचं. अजून वाटतं. मी वळत नाही.

पहिल्या स्मृतिदिनाला तुम्ही आलात, तेव्हा चारचौघांत ते तुमच्या पुढ्यात टाकलं. म्हणाले, "भावाचं मरण रंगवलंत. दोरी धरायला एक माणूस काढवला नाही तुम्हाला?" तुम्ही चित्राच्या उजव्या कडेवरून अंगठा फिरवलात. माझ्याकडे पाहिलंत. चपला घातल्यात आणि गेलात, ते गेलात.

परवा श्रुतीने मोबाइलवर फोटो पाठवला. त्याच मुखपृष्ठाचा, कुणाकडे तरी बाइंडिंग न केलेली प्रत मिळाली तिला. "काकी, हे काका ना? मग हा हात कुणाचा?"

उजवीकडे बोटभर चित्र जास्त आहे. यानाचं गोल दार, दारात हिरव्या बांगड्यांचा हात, मुठीत दोरी.

ती बोटभर पट्टी मीच कापली होती, भावोजी. रोजच्या सवयीने, न बघता. तुम्हाला त्या दिवशी वाटलं असेल, वहिनीने स्वतःचा हात मुद्दाम कापून टाकला. तरी सगळ्यांसमोर मला खोटं पाडलं नाहीत.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. वादळात धक्क्यावर दोरी धरायला सहा जण होते. सहावी मी. मोठी लाट आली आणि सगळ्यांत आधी माझे हात सुटले. मग बाकीच्यांना पेलेना. त्यांनी माझं नाव कधी काढलं नाही. चित्र आधीचं होतं हे ठाऊक असूनही, टोकाला कुणी दिसलं नाही तेव्हा वाटलं, तुम्हाला कळलंय. तुम्ही बोलायच्या आत मी बोलून घेतलं.

सोबत ते मुखपृष्ठ आहे. श्रुतीला द्या. यांचा चेहरा शाबूत आहे.

मोहोर गळायच्या आत यावं असं वाटतं. पण हे वाचून यायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.

म्हणाल तर वहिनी,
प्रेमला